लेकीच्या अंगठीबद्दल

जळगाव

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

बरं शे ना भाऊ? तुझं पत्र मिळालं. आखाजीला माधुरीचा साखरपुडा, व्याही अंगठी करायला टाकणार, आणि पोरीला खोटे कानातले घातले की पाळ्या चिघळतात, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज सुटते. कान आणि बटण या दोन्ही जागा सांगितल्यास ते फार बरं केलंस. ही खूण बहुतेक वेळा निकेल या धातूच्या ॲलर्जीची असते.

तरी त्वचेच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्या. त्यात संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, त्या 48 तास राहतात. काढल्यावर एकदा आणि 96 तासांच्या सुमारास पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घामही नको, म्हणून उन्हाचा तडाखा वाढायच्या आत चैत्रातच उरका. पाठीला स्टेरॉइडचं मलम लावत असेल तर आधी सांगा, निकाल चुकतो. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, त्यामुळे अंगठी निवडायची ती याच हिशोबाने.

आता मुद्द्याचं. सराफाच्या दुकानात सगळे विचारतात, सोनं किती कॅरेट? आपल्याला विचारायचं आहे, हीण कशाचं? हॉलमार्क सोनं किती ते सांगतो, उरलेलं काय ते सांगत नाही. 22K916 मध्ये हीण 8.4 टक्के, 18K750 मध्ये 25 आणि 14K585 मध्ये तब्बल 41.5 टक्के. पिवळ्या 22 कॅरेटमध्ये ते बहुतेक चांदी आणि तांब्याचं असतं, म्हणून माधुरीसाठी साधी, बिनखड्याची पिवळी 22 कॅरेटची अंगठी मला सगळ्यात पटते.

खरा धोका पांढऱ्या सोन्यात. पिवळेपणा मारायला त्यात निकेल किंवा पॅलॅडियम घालतात आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. नवी अंगठी छान चालते, सगळे निर्धास्त होतात. मग वर्ष-दोन वर्षांत मुलामा झिजतो, तोही आधी तळहाताच्या बाजूने, जिथे भांडं, झाडू, गाडीचं हँडल घासतं. तिथून निकेल उघडं पडतं. आपल्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात घाम त्याला विरघळवून कातडीत उतरवतो. खाज लगेच येत नाही, दिवस-दोन दिवसांनी येते, म्हणून कोणाला अंगठीचा संशयच येत नाही. पॅलॅडियमचं पांढरं सोनंही डोळे झाकून घेऊ नका. निकेलवाल्यांपैकी काहींना तेही सोसत नाही. हिऱ्याचा हट्ट असेल तर 18 कॅरेट पिवळं घ्या, 22 कॅरेट मऊ असल्याने खडा धरून ठेवायला कमी पडतं.

खात्री कशी करायची? कॅरेट मोजायचं मशीन असेल तिथे अंगठी ठेवून पडद्यावरची सोन्याची ओळ सोडून निकेल आणि कॅडमियम (डाकेत कधी कधी असणारा विषारी धातू) यांच्या ओळी वाचायला सांग. मशीन वरचा थरच बघतं, म्हणून मुलामा द्यायच्या आधी तपासायचं. डाक लावली असेल तर सांध्यावरही एकदा धरायला लाव. चुंबकाच्या भरवशावर राहू नकोस, निकेल असलेले कित्येक मिश्रधातू चुंबकाला चिकटतच नाहीत. आणि बिलावर ‘निकेलविरहित’ लिहून घे.

प्लॅटिनम 950 उत्तम, पण जड, महाग, आणि ते 1768 अंशांना वितळतं, त्यामुळे सोन्याचा कारागीर ते लहान-मोठं करून देईलच असं नाही. टायटॅनियम अंगाला फार मानवतं, वजनालाही हलकं, पण माप बदलता येत नाही. 316एल स्टीलमध्ये निकेल 10 ते 14 टक्के असतं. ते घट्ट बांधलेलं असल्याने सुटतं फार कमी, तरी माधुरीला मी ते देणार नाही. जर्मन सिल्व्हरला तर हातही लावू नका. नावात चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. 925 चांदीने बोट काळं-हिरवं झालं तर ती ॲलर्जी नव्हे, चांदी-तांब्याचा डाग आहे, धुतला की जातो.

एक गोष्ट मात्र धातू कितीही चांगला असला तरी होते. अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून राहिलं की कातडी ओली राहून सोलवटते. मग सोन्याला दोष देतात. भांडी-कपड्यांना बसताना अंगठी काढायची, बोट कोरडं करून मगच घालायची. एवढं केल्यावर थोड्या दिवसांत कातडी सुधारली तर दोष साबणाचा. अंगठी घालताच पुन्हा चिघळली तर धातूचा.

व्याह्यांशी हे बोलायला संकोच करू नकोस. घडणावळ ठरायच्या आधीच फोन कर. माप संध्याकाळी घ्या, उन्हाने बोटं सुजलेली असतात, सकाळचं माप तेव्हा आवळतं.

वहिनींना नमस्कार, माधुरीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश