हे बटण दाबायचं, बस्स

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

या पत्रासोबत एक जाड निळी फाइल येतेय. उघडल्यावर वाटेल, ऑफिसचे कागद चुकून आले. चुकून नाही आलेले. आपल्या घरातल्या सगळ्या उपकरणांच्या माहितीपुस्तिका आहेत त्यात, मोठ्या अक्षरांत छापून काढलेल्या. मागच्या खेपेला माळ्यावरच्या खोक्यांतून आणि पलंगाखालच्या ड्रॉवरमधून त्या गोळा केल्या होत्या. दोन तर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या, चिकटपट्टीसकट. ज्या मिळाल्या नाहीत त्या मॉडेल नंबर टाकून कंपन्यांच्या वेबसाइटवरून उतरवून घेतल्या.

फोनवर सांगता आलं असतं. पण हे फोनवर सांगून संपणारं नाही, आणि त्यात माझी एक चूक आहे, ती नीट कबूल करायची आहे.

बाबा, त्या रात्री तुम्ही बाथरूमला जायला उठलात आणि दाराची चौकट धरून उभे राहिलात, ते मी पाहिलं. "काही नाही, जरा गरगरलं," म्हणालात. सकाळी तुमची बीपीची वही चाळली. १५८, १६२, १५५, १६०. महिनाभर असेच आकडे. डॉक्टरांनी तेच आकडे पाहून गोळी वाढवली होती. त्यांच्यासमोर वही होती आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांच्याकडे दुसरं काय होतं? मग मी तुम्हाला म्हटलं, रोज मोजता तसं मोजून दाखवा.

तुम्ही पलंगाच्या कडेला बसलात. पाय लोंबकळत, पाठीला टेका नाही. पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळलात, हात मांडीवर सोडलात, बटण दाबलंत आणि पट्टा फुगत असताना आईला पेपरातली बातमी सांगत होतात. आकडा आला १५९.

तेव्हा पहिल्यांदा मी त्या मशीनची पुस्तिका उघडली. मशीन घरात येऊन तीन वर्षं झाली होती. आणलं मीच होतं. खोक्यातून काढून सेल घातले, तुमच्या हाताला पट्टा बांधला आणि म्हणाले, "हे बटण दाबायचं, बस्स." पुस्तिका खोक्यात टाकली, खोकं माळ्यावर गेलं.

त्यात काय काय लिहिलं होतं ते आता तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी एकदा लिहिते, कारण नीट मोजलेलं आणि कसंतरी मोजलेलं यातलं अंतर मी डोळ्यांनी पाहिलंय. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको. लघवी करून यायचं. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून साधारण दोन सेंटिमीटर वर. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीला येईल. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा सात-आठने वर जातो. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

आणि पट्ट्याचं माप! त्याच्यावरच छापलेलं होतं, २२ ते ३२ सेंटिमीटर. आईच्या शिलाईच्या टेपने तुमचा दंड मोजला तर तो भरला ३५. म्हणजे तीन वर्षं तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या मापाचा पट्टा बांधत होता. लहान पट्टा आकडा फुगवतो. २०२३ साली अमेरिकेत १९५ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी पाचने जास्त येत होता, आणि ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांच्यात जवळजवळ वीसने. वीस म्हणजे एक अख्खी गोळी वाढावी एवढा फरक.

त्या दिवशी मोठा पट्टा मागवला. तो आल्यावर पाठ टेकून, गप्प बसून मोजलं तेव्हा १३८ आणि १३६ आले. पुढचा आठवडाभरही तसेच. ती नवी वही पाहून डॉक्टरांनीच गोळी पुन्हा पूर्वीइतकी केली. आपण आपल्या मनाने केली नाही, आणि पुढेही करायची नाही, एवढं मात्र दोघांनीही लक्षात ठेवा.

बाबा, तुम्ही चुकलात असं मला मुळीच म्हणायचं नाही. तुम्हाला मी एक बटण दिलं आणि बाकी सगळं ज्ञान माळ्यावर टाकलं. घाई माझी होती, संध्याकाळची गाडी पकडायची होती.

आई, आता तुझी डबी. तुझ्या शुगरच्या स्ट्रिप्स कंपनीच्या बाटलीत होत्या. त्या तू त्या छोट्या नक्षीच्या डबीत काढून ठेवल्यास, कारण बाटलीचं झाकण घट्ट आणि तुझी बोटं दुखतात. मला पटलं होतं ते, मी काही बोललेसुद्धा नाही. पण ते झाकण घट्ट आहे ते मुद्दामच. बाटलीत ओलावा शोषणारा थर असतो. स्ट्रिपवरचं रसायन हवेतल्या दमटपणाने बिघडतं आणि मग आकडा खोटा येऊ लागतो, कधी कमी, कधी जास्त. स्ट्रिप मात्र दिसते अगदी तशीच, नवीकोरी. म्हणून पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय, दुसऱ्या डब्यात काढू नका, स्ट्रिप घेतली की लगेच झाकण लावा, आणि बाटली उघडल्यापासून ठरावीक महिन्यांत संपवा. किती महिने ते बाटलीच्या लेबलवर असतं. पाकिटावरची शेवटची तारीख ही न उघडलेल्या बाटलीची, हे मलाही माहीत नव्हतं.

दुसरं, हात धुणं. फळ सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते. २०११ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी हे तपासून दाखवलं होतं. स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसूनही आकडा वाढलेलाच राहिला, नळाखाली हात धुतल्यावर खरा आला. तू बोळ्यानेच पुसतेस. साध्या पाण्याने हात धू, नीट कोरडे कर, मग टोच. आणि टोचायची सुई रोज नवी. पाकिटावर एका गोलात २ हा आकडा आहे आणि त्यावर तिरकी रेघ, त्याचा अर्थ एकदाच वापरा. तू ती आठवडाभर वापरतेस, काटकसर म्हणून. सुई बोथट होते, म्हणून तर तुझी बोटं इतकी दुखतात.

बाबा, तुमच्या कानाच्या मशीनचंही थोडं. त्या बटणसेलवरचा रंगीत कागद काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. कागद काढून मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवायचा, मग बसवायचा. कागद परत चिकटवला तरी तो झोपत नाही, तेव्हा आधीच काढून ठेवू नका. आणि हे सेल औषधांच्या डबीजवळ कधीही ठेवू नका. गोळीसारखेच दिसतात, आणि गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. तसं कधी झालंच तर वाट न बघता तडक दवाखाना.

आता ज्या गोष्टीमुळे मला अजून झोप लागत नाही ती. गॅस गिझर. आई, थंडीचा वारा येतो म्हणून बाथरूमच्या वरच्या झरोक्याला तू पुठ्ठा लावला होतास. नीट कापून, चारी बाजूंनी चिकटवून. तुझा हात इतका सफाईदार की मला तो आधी दिसलाच नाही. गिझरच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, चौकटीत, त्रिकोणातल्या उद्गारचिन्हाखाली लिहिलंय की हवा खेळती नसलेल्या बंद जागेत हा वापरू नये. गॅस जळायला हवा लागते. ती पुरेशी मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं अंघोळीने सुस्ती आली. मग दार उघडायलाही उठता येत नाही. पुठ्ठा मी त्याच क्षणी काढला होता, तुला कारण नंतर सांगितलं, तू रुसलीस. रुस, पण तो पुठ्ठा पुन्हा लावू नकोस. पाणी बादलीत भरून, गिझर बंद करून मगच अंघोळीला जायचं. मी तर तो गिझर बाथरूममधून काढूनच टाकायचं बघतेय. तोवर तरी एवढं ऐक.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर मशीनं हाताळली, आता पुस्तकं वाचू?" मला तुमची स्कूटर आठवते. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून प्लग काढायचात आणि शेजारी ती तेलकट पुस्तिका उघडी असायची. प्लगमधली फट किती ठेवायची ते तुम्ही तिच्यात बोट ठेवून वाचायचात. आणि आई, तुझ्या शिलाई मशीनची पुस्तिका तू कापडात बांधून ठेवली होतीस. धागा ओवताना सुईजवळचा पाय वर उचलायचा, नाहीतर धागा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही, हे मला तू शिकवलंस. तू कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणालीस, "पुस्तकात चित्र आहे." तुम्हीच वाचणारी माणसं होतात. सवय सुटली ती आम्ही मुलांनी मशीनं आणून, लावून, चालू करून द्यायला लागल्यावर. आम्हाला वाटलं, आई-बाबांना त्रास नको. खरं तर तुमच्या हातातून ताबाच काढून घेतला.

मीही वाचत नव्हतेच. कपडे धुण्याचं मशीन घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी ते थरथरत भिंतीपासून हातभर पुढे आलं. वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूने चार लांब बोल्ट लावलेले असतात, ते काढून मगच मशीन चालवायचं. पुस्तिकेत तिसऱ्या पानावर मोठं चित्र होतं.

वाचायला कंटाळा येतो हे खरं, कारण सुरुवातीची पानं नुसत्या सूचनांनी भरलेली. म्हणून फाइलमध्ये मी पिवळ्या रंगाने खुणा केल्यात. शब्दांचा क्रम तेवढा लक्षात ठेवा. 'धोका' लिहिलं असेल तर ते टाळलं नाही तर जीव जाईल किंवा गंभीर इजा होईलच. 'इशारा' म्हणजे तसं होऊ शकतं. 'खबरदारी' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. तिन्ही शब्द सारखेच वाटतात, पण ते तोलूनमापून वापरलेले असतात. त्या सूचनांमागे कुणाचा तरी भाजलेला हात असणार, असं मला वाचताना सारखं वाटत होतं. वापराच्या सूचना कशा लिहाव्यात यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक ८२०७९, आणि त्यात या सूचना उत्पादनाचाच भाग मानल्या आहेत. पिन नसलेलं मिक्सर आपण घरात घेतलं नसतं. पुस्तिका मात्र आपण पुठ्ठ्याबरोबर रद्दीत देतो.

शेवटची काही पानंही सोडू नका. काहीतरी बंद पडलं की तुम्ही मला फोन करता, मी कामात असते, आणि दोन दिवस अडतं. 'अडचण आणि उपाय' असा तक्ता जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत शेवटी असतो. बीपीच्या मशीनवर ई आणि पुढे आकडा दिसला की तो तिथे बघा. मला फोन जरूर करा, पण बघून झाल्यावर. मला तुमच्याशी मशीन सोडून दुसरंही बोलायचं असतं.

फाइलच्या पहिल्या पानावर बाबांच्या दंडाचं माप लिहिलंय, पुढचा पट्टा घेताना उपयोगी पडेल. ज्या पुस्तिका मराठीत मिळाल्या नाहीत त्यांची महत्त्वाची पानं मी हाताने मराठीत लिहिलीत, अक्षर कळलं नाही तर सांगा. आई, स्ट्रिप्सची नवी बाटली पार्सलमध्येच आहे. झाकण उघडायला रबराचा एक गोल तुकडा ठेवलाय, तो झाकणावर धरून फिरव, बोटांना जोर लागणार नाही. बाटलीला रबरबँडने एक छोटं पेन बांधलंय. उघडशील त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिही.

रविवारी फोन करते. बाबा, त्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, आपण बोलायच्या आधी मोजू.

तुमची,
छोटी