पाण्यातली बांबूउडी

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, पोल घेऊन पाण्यात उलटं व्हायचा तो सराव इथल्या तलावातही सुरू करू का?" आणि मी "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला. माझं "बघू" म्हणजे "नाही" हे तुला बालवाडीपासून पाठ आहे. पण कालचं बघू खरंच बघू होतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मागे पंप चालू असतो आणि कुणीतरी पोरगं सूर मारायच्या नादात आपटलेलं असतं. म्हणून लिहितोय.

दिवाळीत तू आलीस तेव्हा काही बोलली नव्हतीस. आईनं ओळखलं. सप्टेंबरात उडी अर्धवट राहून तू गादीवर न पडता उलटी धावपट्टीवर आलीस, टाच ठेचली, एवढंच आम्हाला कळवलं होतंस. टाच बरी झाली. पण त्यानंतर बांबू टेकवला की तू वर जायचीस ती गुडघे पोटाशी घेऊन, खाटेवर उठून बसल्यासारखी. डोकं खाली, पाय वर हे येईचना. तुझ्या मोबाइलवरचे व्हिडिओ मी तीन-तीनदा पाहिले. मला बांबूउडीतलं काही कळत नाही, पण घाबरलेलं अंग मला कळतं. रोज संध्याकाळी पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या बॅचला तेच बघतो.

म्हणून दुपारी तलाव बंद असताना तुझा तो रिटायर झालेला चार मीटरचा पोल आत उतरवला. (चांगला पोल कधीही उतरवू नकोस. फायबरला कडेचा एक ओरखडा बसला तरी पुढे ऐन उडीत तिथूनच तुटायची भीती.) टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली, व्यवस्थापकांना सांगितलं की फरशी फुटली तर पगारातून कापा. पहिल्या दिवशी आपण साडेपाच फुटांत केलं ते चुकलंच. तुझे पाय पाण्याबाहेर गेले की जड व्हायचे आणि कंबर धपकन खाली. दहा फुटांकडे गेलो तेव्हा कुठे जमलं. वर काठावर पंपावरचा दादा पोलचं डोकं धरून, मी सगळा श्वास सोडून तळाशी, आणि तू मध्ये लटकलेली.

तळातून जे दिसलं ते तुला कधी सांगितलं नाही. पहिल्या सात-आठ वेळा तू डोळे घट्ट मिटले होतेस. उलटी झालीस की नाकात पाणी, मग हात सोडून वर. नाकपुड्या आभाळाकडे झाल्या की दुसरं काय होणार! मग मी नाकातून "हंऽऽ" करत राहायला सांगितलं. त्यानंतरच्या खेपेला तुझ्या नाकातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली ती पोटावरून, मांडीवरून चढत थेट अंगठ्यापर्यंत गेली. आणि तिच्यामागून तुझा डावा पाय, सरळ, गुडघ्यात न मोडता, घड्याळाच्या लंबकासारखा वर आला. दंड ताठ, कंबर हातांच्या पातळीला, मान ना मागे टाकलेली ना छातीला चिकटलेली. तशी तू चारेक आकडे मोजून होईतो राहिलीस. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून तू हसलीस आणि पाणी प्यालीस.

आता मुद्द्याचं. पाण्यानं तुला उलटं होणं परत दिलं, ते घे. बाकी पाण्याचं ऐकू नकोस.

मी आपल्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून. शेजारच्या पोरांना वाळलेले भोपळे, कुणाला तेलाचा डबा. अण्णा दर आठवड्याला ओंडक्याची एकेक ढलपी काढायचे, म्हणजे पोराला कळू न देता आधार कमी. पण त्या उन्हाळ्यात अण्णा आजारी पडले आणि मी तो अख्खा ओंडका बांधून दीड महिना पोहलो. खूप छान वाटायचं. परिणाम काय? आज पस्तीस वर्षांनीही माझी मान पाण्याच्या वर राहते आणि पाय खाली जातात. पोरांना शिकवताना मी स्वतः पोहून दाखवत नाही, तोंडी सांगतो. तुझ्या ते लक्षात आलं असेलच.

पाण्यात तुझं वजन पाणी उचलतं. बाहेर ते तुला उचलायचंय, तेही दीडेक सेकंदात, कारण पाय जमिनीवरून सुटल्यापासून दांडीपर्यंत वेळ तेवढाच असतो. पाण्यात चार मोजून जे सावकाश येतं त्याची चाल अंगात मुरली तर वर तू उशिराच पोहोचशील. बरं, पाण्यात जोर लावून वेग वाढवावा म्हटलं तर पाणी ऐकत नाही: वेग दुप्पट केलास की अडवणूक चौपट. त्यामुळे तिथे झोका मारायची सवय लागत नाही, पाणी ढकलायची लागते. शिवाय तिथे पोल वाकत नाही. पोल वाकून सरळ होईपर्यंत थांबायचं ते थांबणं तुला कोण शिकवणार?

आणि धाव. हे गणित तुझ्याच अकरावीच्या पुस्तकातून मी केलं, चुकलं असेल तर सांग. सेकंदाला ८ मीटर वेगानं पळणाऱ्याची सगळी ताकद उंचीत बदलली तर शरीर सव्वातीन मीटर वर जातं. आपल्या कमरेची उंची मीटरभर आधीच असते. म्हणजे उंची येते ती पळण्यातून, पोल नुसती ती वळवून देतो. तलावात पळणंच नाही! मग २०२२ साली गांधीनगरला रोझी मीनानं ४.२० मीटर मारून व्ही. एस. सुरेखाचा बांबूउडीतला ४.१५ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, तो ती पळाली म्हणून. तुझे ३.१० आहेत. मला त्यात काही कमी वाटत नाही, पण तुला वाटतं हे मला माहीत आहे.

कधीकधी मनात येतं, तुला लहानपणी मल्लखांबाला घालायला हवं होतं. खाली डोकं वर पाय हे सहाव्या वर्षीच अंगवळणी पडलं असतं. रशियाची इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होती, उंची वाढली म्हणून बांबूउडीकडे आली, आणि २००५ मध्ये पाच मीटर ओलांडणारी पहिली बाई झाली. स्वीडनच्या विश्वविक्रमी डुप्लांटिसच्या वडिलांनी तर घरामागेच धावपट्टी आणि गादी केली होती. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोत पोरगा ६.३० वर गेला. पण तो बाप स्वतः ५.८० मारलेला. मी विहिरीच्या कठड्यावरून मुटका मारलेला. माझ्याकडे पाणी होतं, ते दिलं.

तेव्हा उत्तर असं: आधी तुझ्या सरांना विचार. ते नको म्हणाले तर नको, माझं नाव सांगून वाद घालू नकोस. हो म्हणाले तर आठवड्यातून एकदाच, आणि त्याच दिवशी अंग पुसून आडव्या बारवर तेच दहा वेळा कर, म्हणजे वजन कुठं गेलं होतं ते हातांना समजेल. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे पाणी बंद. हीच तुझी ढलपी.

आणि हे तलावावरचा माणूस म्हणून सांगतो, बाप म्हणून नाही. एकटी कधीही उतरायचं नाही. काठावर पाण्यात उडी घेऊ शकेल असं कुणीतरी हवं, मोबाइल बघणारी मैत्रीण नको. आणि बुडी मारण्याआधी भराभर लांब श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं दम वाढल्यासारखा वाटतो, पण आतून श्वासाची हाकच येत नाही आणि माणूस काही न कळता पाण्यात बेशुद्ध होतो. चांगला पोहणारा आधी. एक श्वास, एक झोका, वर ये, पुरता दम खा, मग दुसरा.

आई विचारते, मेसमध्ये भाकरी मिळते का. टाच दुखत असेल तर लपवू नकोस.

तुझा जुना पोल पंपाच्या खोलीमागे आडवा टांगलाय. त्यावर पोरं टॉवेल वाळत घालतात. मी ओरडतो, ती घालतातच. आणि तुझी नाकाची निळी क्लिप कुणीतरी पळवली, येताना दोन आण.

तुझा
बाबा