गोकर्णाची फुलं खायची तर कुठली खायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कॅफेत निळा चहा मिळतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो, लोक हौसेने पैसे मोजतात, पण ते आपल्या कुंपणावरचं गोकर्णच आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. थायलंडमध्ये त्याचं सरबत करतात, मलेशियात केलांतानकडे याच फुलांनी भात निळा करतात, आणि आपल्याकडे फुलं देवाला वाहिली की विषय संपला!

खरंतर घरी लावणं एकदम सोपंय. बी कडक असतं म्हणून रात्रभर भिजवायचं किंवा पॉलिश पेपरवर जरा घासायचं, पावसाच्या तोंडावर 12 इंची कुंडीत पेरायचं, भरपूर ऊन आणि चढायला दोरी किंवा जाळी, बास. वेल शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात त्यामुळे युरिया अजिबात नको, घातला तर नुसता पाला माजतो. शेंगा धरल्या की लगेच खुडायच्या नाहीतर फुलं कमी होतात. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की कपभर मस्त निळा रंग सुटतो, चव मात्र फार नसते, म्हणून लिंबू आणि मध घालाच.

पण पत्र लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. पूजेच्या फुलांवर आणि नर्सरीतल्या रोपांवर औषध मारलेलं असू शकतं, आणि मी एका नर्सरीत विचारलं की याची फुलं खायचीत, काय फवारलंय, तर "काही होत नाही हो" एवढंच उत्तर मिळालं. हे उत्तर चालणार नाही. शिवाय खायचं ते फक्त फूल, गोकर्णाचं बी आणि मूळ रेचक आहे, जुलाब होतात, आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये. आणि त्याच नर्सरीत शेजारच्या कुंडीत कण्हेर असते, जी चक्क विषारी आहे, केरळात 2024 मध्ये देवळांचा कारभार बघणाऱ्या देवस्वम मंडळांनी तिची फुलं नैवेद्यात वापरणं बंद केलं.

म्हणून नर्सरीवाल्यांना आणि महापालिकेच्या उद्यान विभागांना कळकळीची विनंती आहे, प्रत्येक फुलझाडाच्या कुंडीला एक साधी मराठी पट्टी लावा, खाण्याजोगं की विषारी आणि शेवटची फवारणी कधी, कशाची. तोवर वाचकांनी विकतची फुलं खाऊ नयेत, बी पेरून घरचीच खावीत.

– एक वाचक, ठाणे