‘टॉप दोन टक्के’, पण कोणत्या तक्त्यात?

संपादक महोदय,

सप्टेंबर उजाडला की जिल्ह्याच्या पानावर ‘जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांची निवड’ अशा बातम्या येऊ लागतात. यातला ‘निवड’ हा शब्दच चुकीचा. यासाठी कुणी अर्ज करत नाही, समितीही बसत नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या उद्धरणांची, म्हणजे एका निबंधात दुसऱ्याचा हवाला दिला जातो त्या सायटेशनची, आकडेमोड करून काढलेला हा तक्ता आहे. तक्तेही दोन आहेत, एक अख्ख्या कारकिर्दीचा आणि दुसरा एकाच वर्षाचा. दुसऱ्यात त्या वर्षी केलेले संशोधन मोजत नाहीत, जुन्या-नव्या सगळ्या निबंधांना त्या वर्षात मिळालेली उद्धरणे मोजतात. प्राध्यापक नेमके कोणत्या तक्त्यात आहेत, हे बातमीत क्वचितच सापडते.

एकूण उद्धरणे आणि एच-इंडेक्स हे आकडे प्रसिद्धीपत्रकात ठळक असतात. एच-इंडेक्स ही २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेली मोजणी. समजा पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ उद्धरणे आहेत. किमान चार उद्धरणे मिळालेले निबंध चार, म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाची ४० उद्धरणे उद्या ४०० झाली तरी तो चारच राहतो. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कधी उतरत नाही.

वैद्यकशास्त्रात खरी मेख आहे ती लेखकांच्या क्रमात. पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, शेवटचे प्रयोगशाळेच्या किंवा विभागाच्या प्रमुखाचे. मधल्या नावांचा वाटा किती, हे त्या निबंधावरून सांगणे अवघड. रोगभाराच्या जागतिक अभ्यासांत शेकडो लेखक असतात, निबंधाला हजारो उद्धरणे मिळतात आणि ती प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. असे मोजके निबंध नावावर असले की बेरीज डोळे दिपवते. या तक्त्यात त्यावर थोडा उतारा आहे. सहलेखकांच्या संख्येनुसार खाली आणलेला एच-इंडेक्स त्यात धरतात आणि एकट्याच्या, पहिल्या व शेवटच्या नावाच्या निबंधांची उद्धरणे वेगळी मोजतात. बातमीत छापायला हवेत ते हे आकडे.

आकडे गोळा करतानाच चुका होतात. ‘पाटील एस.’ नावाचे किती डॉक्टर महाराष्ट्रात निघतील! दोघांचे निबंध एका खात्यात जातात. उलट, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर कधी लावले कधी गाळले, किंवा लग्नानंतर आडनाव बदलले, की एकाच व्यक्तीची दोन खाती होतात. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठेवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक यासाठीच आहे; प्रत्येक निबंधासोबत तो दिला तरच उपयोग. गुगल स्कॉलर या शोधयंत्रावर तर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या निबंधांतली, उद्धरणेही धरतात, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा मोठा दिसतो. दोन प्राध्यापकांची तुलना करताना एकाचा आकडा इथला आणि दुसऱ्याचा तिथला, असा घोळ नको.

आणि उद्धरण म्हणजे शाबासकी नव्हे. कोविडवर वापरलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधावरचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. त्यानंतरही त्याची उद्धरणे होतच राहिली. याच्या उलट, कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा मांडला, पण सुरुवातीला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्यांच्या कामाचे महत्त्व पुढे आवर्जून लिहिणाऱ्यांत नियतकालिकांचे वजन उद्धरणांवरून मोजणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरचे जनक यूजीन गारफिल्डही होते.

तक्त्याची मूळ एक्सेल फाइल फुकट उतरवता येते. तिच्यात प्रत्येक नावापुढे उपशाखा, त्या उपशाखेतला क्रम, स्वतःच्याच निबंधांचे हवाले देण्याची टक्केवारी आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही असते. बातमीदारांनी प्रसिद्धीपत्रकावर न थांबता ती ओळ वाचावी. शोधताना मात्र आडनावाबरोबर संस्थाही जुळवून पाहावी, नाहीतर भलत्याच पाटलांचा सत्कार व्हायचा.

— एक वैद्यकीय ग्रंथपाल, मिरज