नावं ठाऊक नसलेल्या हातांना

आमच्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जागा जन्मतःच उलटी होती. ऑपरेशनपर्यंत तग धरायला, दोन्हीकडचं रक्त एकमेकांत मिसळावं म्हणून, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं करणं भाग होतं. विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये मांडलेली फुग्याची पद्धत आजही यासाठी वापरतात. शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेतात, टोकाचा फुगा डाव्या कप्प्यात फुगवतात आणि झटक्यात उजवीकडे ओढतात. डॉक्टरांचे आभार आम्ही समोरासमोर मानले. बाकीच्यांचे राहून गेले.

प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप चालू असताना बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून एक सिस्टर रात्रभर डोळ्यांत तेल घालून उभ्या होत्या. त्यांनी पाठ टेकलेली आम्ही पाहिली नाही. एवढ्याशा जिवाला थंडी बाधू नये म्हणून कॅथलॅब, म्हणजे ही फुग्याची प्रक्रिया होते ती खोली, आधीच ऊबदार करून ठेवणारे तंत्रज्ञ, एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर नजर रोखून बसलेल्या ताई, आणि ज्यांचं रक्त आमच्यासाठी राखून ठेवलं होतं ते रक्तदाते, ज्यांची भेट कधी होणारही नाही.

निळसर ओठ गुलाबी झाले. पुढचं ऑपरेशनही नीट पार पडलं. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बाळ आता पोटभर दूध पितं आणि खणखणीत रडतं, हे तुम्हाला कळायलाच हवं.