गाठ वाढली तरी गोळ्या सोडू नकोस

महाल, नागपूर

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास. बाबा म्हणाले, "लाव ना परत." नाही लावला. तुझा आवाज चढला की मला बोलणंच सुचत नाही, म्हणून लिहायला बसले.

गाठ वाढली म्हणजे औषध लागू पडत नाही, असं तू म्हणालास. तसं नसतं रे. मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन छातीच्या डॉक्टरांना विचारून आले. गाठींच्या टीबीत उपचार चालू असतानाही गाठ फुगते, कधी शेजारी नवी येते. जंतू मरायला लागले की शरीर त्या मेलेल्या जंतूंवर तुटून पडतं, त्याची ती सूज असू शकते. म्हणून तुझ्या डॉक्टरांना दाखव. ते बघतील, वाटलं तर पुन्हा सुई घालून तपासतील. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि "कापूनच टाकतो" हे काय? गाठ कानाखालच्या लाळग्रंथीत आहे. त्या ग्रंथीतूनच चेहऱ्याची नस जाते. डोळा मिटणं, हसणं, सगळं तिच्यावर. गोळ्यांनी बरं होणाऱ्या दुखण्याला तिथे चाकू कशाला लावायचा?

दिवाळीत तू दारात उभा होतास तेव्हा मला आधी तुझा कानच दिसला. उजवी पाळी खालून कोणी ढकलल्यासारखी वर उचललेली. पहिल्या डॉक्टरांनी गालगुंड म्हणून अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं. गाठ तशीच, दुखत नाही, रात्री घाम, पँट ढिली. माझ्या मनात जे आलं होतं ते मी कोणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही. सुईच्या तपासणीत टीबी निघाला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. टीबीसाठी कोणी साखर ठेवतं का! पण सीबीनॅट या टीबीच्या जंतूंच्या तपासणीत जंतू सापडले, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारे निघाले, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. नुसत्या गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, तेव्हा रूमवरच्या पोरांपासून ताट-वाटी वेगळी ठेवत बसू नकोस.

नानाकाका तुला आठवत नसतील. त्यांना गंडमाळ होती, म्हणजे गळ्यातल्या गाठींचा टीबीच. तेव्हा इंजेक्शनं असायची, औषध वर्ष-दीड वर्ष चालायचं. बरं वाटलं आणि त्यांनी मधेच सोडलं. गाठ फुटली, वाहत राहिली. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, तो माणूस गळ्याला उपरणं गुंडाळून बुधवार बाजारातून भाजी आणायचा. आम्ही पोरं त्यांच्याजवळ जायचो नाही. काकू एकटी त्यांची पट्टी बदलायची, गरम पाण्याचं घमेलं घेऊन. तुला घाबरवायला नाही लिहीत. पण गोळ्या म्हटलं की मला ते उपरणंच दिसतं.

तुझे तर ६ महिनेच आहेत. पहिले २ महिने ४ औषधं, ते तू पार पाडलेस, लघवी केशरी होते म्हणून हसत हसत. आता ४ महिने तीन. सकाळी उपाशीपोटी घे, तासाभराने पोहे खा. डोळे पिवळे दिसले, सारखी मळमळ झाली, नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. दारू नको, पार्टी असो की काही असो. झालं, पुन्हा सुरू झाले मी. राग नको मानू. तू निक्षयमध्ये, सरकारच्या टीबी रुग्णांच्या नोंदणीत, स्वतः नाव नोंदवलंस, ऑफिसात साहेबांना स्वतः सांगितलंस. या घरात हा शब्द कुजबुजून बोलतात, तू मोठ्याने बोललास. बाबा हे शेजारी सांगत सुटले आहेत. सरकारकडून आहारासाठी महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने पैसे खात्यात येतात, ते अंडी-दुधावरच घाल, पेट्रोलवर नको.

आणि हो, उपचार संपल्यावर बारीकशी गाठ हाताला लागत राहिली तरी घाबरायचं नाही, असंही ते डॉक्टर म्हणाले.

या आठवड्यात दाखवून ये. काय म्हणाले ते मला सांगायचं नसेल तर बाबांना सांग. गोळ्यांचं मी आता विचारणार नाही.

आजच्या घेतल्यास ना?

तुझी,
आई