पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले पत्र

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पोळा झाला. आपल्या गोठ्यात आता बैल नसले तरी तुझी आई पुरणाचे ताट करून दारात उभी राहतेच. बाल्याने यंदाही आपली जोडी सर्वांत आधी आपल्या दारी आणली. आईने बैलांच्या पायांवर पाणी घातले, मी बोजारा म्हणून नोट हातावर ठेवली आणि ती नोट मुठीत धरूनच त्याने विचारले, "गुरुजी, कलेक्टर सायेब नाई आले काजी यंदा?" त्याच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. परीक्षा जवळ आली आहे, असे मी सांगितले. कोणती आणि केव्हा, हे त्याने विचारले नाही, ते बरे झाले.

फोनविषयी काही लिहायचे नाही असे ठरवूनच मी कागद घेतला आहे. फक्त रात्री तो बंद ठेवत जाऊ नकोस, इतकेच.

बाल्या गेल्यावर मला तुमच्या दहावीचा निरोप समारंभ आठवत राहिला. वाईटसाईट गाळता यावे म्हणून वर्गशिक्षकांनी शेलापागोटे, म्हणजे एकमेकांवरची गमतीची भाकिते, आधी चिठ्ठ्यांवर लिहून मागितले होते आणि तुम्ही निमूटपणे लिहूनही दिले होते. प्रत्यक्षात मात्र बाल्या उठला आणि पोळ्यात बैल जमतात त्या आखरावर म्हणतात तशा यमकांच्या झडत्या एकेकाच्या नावाने ठोकू लागला. प्रत्येक झडतीनंतर सगळा वर्ग बाके बडवून "हर बोला हर हर महादेव" करीत होता. तुझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला,

दप्तर रे दप्तर, फाटकं दप्तर,
मास्तरचा पोट्टा होईल कलेक्टर!

तुझे दप्तर खरोखरच फाटलेले होते. बंदाजवळ आईने साडीच्या काठाची पट्टी शिवून दिली होती. मी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलो होतो. हसू आवरत नव्हते आणि अभिमानही लपवता येत नव्हता. कलेक्टर केंद्राच्या परीक्षेतून होतो आणि राज्यसेवेतून थेट फार तर उपजिल्हाधिकारी होता येते, हा फरक त्या पोरांना तेव्हा कुठून ठाऊक असणार? त्यांना यमक हवे होते.

त्या दिवशीची बाकीची भाकिते आठवून पाहा. पालीला पाहून किंचाळणाऱ्या मुलीला "पोलीस नवरा मिळेल" असे म्हटले होते. आज ती स्वतःच पोलिसात आहे आणि नवरा बिचारा शिक्षक आहे. बंड्या दहावीतच म्हातारा होणार होता, तो वायरमन झाला आणि गावात दिवे गेले की लोक आधी त्याच्या नावाने शंख करतात. बाल्याला तर तुम्ही सर्वांनी मिळून आमदार करून टाकले होते. त्याने बापाची कपाशी सांभाळली. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, तेव्हा त्याने उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडली होती, हे तू पाहिले आहेस. त्याला आजही लोक आमदार म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो.

आमच्या वर्गाचीही हीच तऱ्हा होती. आम्ही दहावी झालो त्याला आता कितीतरी वर्षे झाली. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी, शकुंतला, तेव्हा कोळशावर चालत असे आणि दारव्ह्याच्या शाळेत आम्ही तिनेच जात होतो. ती इतकी सावकाश धावे की काही मुले उतरून, रुळाकाठच्या झाडाची बोरे तोडून पुन्हा डब्यात चढत. मला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या, म्हणून मी मूर्तिजापूरचा स्टेशन मास्तर होणार, हे वर्गाने एकमताने ठरवले होते. पुढे 1994 साली इंजिन डिझेलचे झाले, नंतर गाडीच बंद पडली आणि मी मास्तर झालो तो नुसताच. जुने सोबती भेटले की अजून मला यवतमाळची गाडी किती वाजता, असे विचारतात. मी वेळ सांगतो.

मात्र तुझे तसे नाही, हे मी जाणतो. आमच्यापैकी कोणी त्या भाकितासाठी घर सोडून अभ्यासिकेत बसला नव्हता. तू मुलाखतीपर्यंत पोहोचलास, ही गोष्ट मी न विचारताही लोकांना सांगतो आणि आई मला त्यावरून रागावते. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याचा इतक्या वर्षांचा सराव बाजूला ठेवून तुला पुन्हा उत्तरे लिहायला शिकावे लागते आहे, हेही मला कळते. तरी सांगतो की खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 असली म्हणून ती गाठेपर्यंत थांबलेच पाहिजे असा काही नियम नाही. दुसऱ्या पदांचे अर्ज भरावेत, जेवण वेळेवर घ्यावे, मेसचे पैसे संपले तर मित्राकडून उसने न मागता मला सांगावे आणि रात्री फोन बंद ठेवू नये. पाहा, वर्गात उभा राहिल्यासारखा बोलू लागलो. राग मानू नकोस. निवृत्त झालो तरी सवय जात नाही.

मागच्या आठवड्यात सलग दोन रात्री तुझा फोन लागला नाही. अभ्यास असेल, असे मी आईला सांगितले आणि ती झोपल्यावर अंगणात जाऊन पुन्हा लावून पाहिला. तू गावी येत नाहीस त्याचे कारण सुटी नसून ती झडती आहे, असे मला वाटते. तसे नसेल तर चांगलेच आहे. असेल, तर इतके ध्यानात घे की "कलेक्टर सायेब" म्हणताना बाल्याच्या मनात पदाचा विचार नसतो. ते त्याने तुला ठेवलेले नाव आहे.

तुरीची डाळ आणि सांडगे बंड्याच्या मेव्हण्याबरोबर पाठवतो आहे. तो रविवारी पुण्यात पोहोचेल. तुझा नवा नंबर बाल्याजवळ नाही आणि काल जाताना त्याने तो माझ्याकडे मागितला. तुला विचारून देतो, असे मी म्हणालो आहे. द्यायचा की नाही, ते कळव.

तुझे
बाबा